जांभ्यावरची धाव

माझे कॅनव्हासचे बूट घाटकोपर स्टेशनबाहेरून विकत आणले तेव्हा पांढरे होते. आज ते विटकरी आहेत. तीन वेळा साबणाने आणि एकदा धुण्याच्या सोड्याने धुतले, उन्हात वाळवले, तरी शिवणीत आणि तळव्याच्या कडेला तो रंग बसला तो बसलाच. हे बूट पुढे घरी माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभे राहिले, ती हकिकत लेखाच्या शेवटी येईल. आधी तो रंग कोठला आणि त्या रंगावरून धावायचे कसे, हे सांगते.

आपल्या कॉलेजात धावणे म्हटले की मैदानावरची पांढऱ्या चुन्याची रेघ डोळ्यांसमोर येते. शंभर मीटर, चारशे मीटर, फार तर क्रॉस कंट्री. 'ट्रेल रनिंग' हा प्रकार क्रॉस कंट्रीचा सख्खा भाऊ आहे, पण स्वभावाने वेगळा. यात डांबरी रस्ता जवळजवळ नसतोच. डोंगरातली, रानातली पायवाट जशी असेल तशी घ्यायची. चढ आला तर चढ, मुळे आली तर मुळे, ओढा आला तर ओढा. २०१५ साली जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने या प्रकाराला आपल्या खेळांत जागा दिली. आपल्याकडे सिंहगड-राजगड-तोरणा या गडांच्या वाटांवर अशी शर्यत होते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पुष्कळांना ठाऊक असते, पण ती घाटातल्या डांबरी रस्त्यावरची. मैदानावर घड्याळ तुमचे परीक्षक असते. पायवाटेवर जमीन परीक्षा घेते, आणि पेपर दर दहा पावलांनी बदलते.

मी असल्फ्याच्या डोंगरावर राहते. आमच्या खोलीपासून खालच्या रस्त्यापर्यंत एकशे सदतीस पायऱ्या आहेत आणि एकही पायरी दुसरीच्या उंचीची नाही. नळाला दाब नसला की खालून पाणी आणायचे, हे काम आठवीपासून माझ्याकडे आहे. जिमखान्याच्या निवड चाचणीत सरांनी मला मैदानाबाहेरच्या टेकाडावर धावायला लावले आणि मी दोन मुलांच्या पुढे वर पोहोचले, तेव्हा ते म्हणाले, "तू सराव कुठे करतेस?" सराव म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलेही नव्हते. मी म्हणाले, "सर, पाणी भरते." सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनीच पुढे आम्हा पाच जणांना सांगितले की रविवारी एकदा माथेरानला जाऊन लाल मातीवर धावून पाहा, मैदानात जे कळत नाही ते तिथे कळेल.

ही गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली.

घाटकोपरहून पहाटेची कर्जत लोकल धरली की दीड तासाच्या आसपास नेरळ येते. तिथून नॅरो गेजची छोटी गाडी १९०७ पासून डोंगर चढते. पण आम्हाला वेळ आणि पैसे दोन्ही वाचवायचे होते, म्हणून सहा आसनी टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्याला उतरलो. मोटारींची हद्द तिथेच संपते. पुढे माथेरानात खाजगी मोटारींना बंदी आहे, आणि भारतातल्या या एवढ्याशा गिरिस्थानात धावणाऱ्याला जे सुख मिळते ते याच बंदीमुळे. मागून भोंगा वाजत नाही. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर आला आणि मग गोऱ्या साहेबांचे बंगले उठले, हे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो. त्यांनी प्रत्येक कड्याला आपापल्या लोकांची नावे देऊन ठेवली. अलेक्झांडर, लुईझा, लॉर्ड, शार्लट. नावे साहेबी असली तरी जागा 'माथ्यावरचे रान'च आहे.

दस्तुरीला टॅक्सीतून पाय खाली ठेवला आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती जमीन. लाल म्हणजे कुंकवासारखी नव्हे, भाजलेल्या विटेसारखी. झाडांची खोडे गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत लाल, घोड्यांचे पाय लाल, रुळांच्या फटींतली खडी लाल.

आता हा रंग कोठून आला? आपली मुंबई काळ्या दगडाची आहे. ज्यांनी अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल त्यांना तो काळा कातळ, ते उभे खांब आठवतील. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थंड होऊन त्याचा बेसाल्ट झाला. गिल्बर्ट हिल त्यातलाच आणि माथेरानचा डोंगरही त्यातलाच. दोघे एकाच घरचे, मग एक काळा आणि दुसऱ्याचा माथा लाल कसा? उत्तर पावसात आहे. उंचावरच्या सपाट माथ्यावर लाखो वर्षे मोसमी पाऊस पडत राहिला. एकदा भिजायचे, मग आठ महिने तापायचे, पुन्हा भिजायचे. या भिजण्या-तापण्यात दगडातला सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून गेली. मागे राहिले ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाला हवा-पाणी लागले की काय होते ते आपल्या खिडकीच्या गजाला विचारावे. माथेरानची जमीन म्हणजे गंजलेला डोंगर आहे, आणि माझ्या बुटांवर आहे तो गंज.

या दगडाला आपण मराठीत जांभा म्हणतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०७ साली मलबारातल्या अशाच दगडाचे वर्णन करताना त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. लोक या दगडाच्या विटा कापून घरे बांधतात हे पाहून त्याला ते सुचले. म्हणजे जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत शिरलेला हा शब्द मुळात गवंड्याच्या कामावरून आला आहे. मला हे वाचून फार बरे वाटले होते. का ते पुढे कळेल.

अमेरिकेत ॲरिझोना आणि युटा या राज्यांत लाल खडकांचे मोठे वाळवंट आहे. तिथे सेडोना, मोआब अशा गावांभोवतीच्या पायवाटांवर धावायला लांबून माणसे येतात. तिथला लाल रंगही लोखंडाच्या गंजाचाच. पण तो खडक वाळूचा. कधीकाळच्या वाळूच्या थरांचा दगड झाला आणि कणाकणावर गंजाचा पातळ लेप बसला. तिकडे कोरडे वाळवंट आणि इकडे मुसळधार पाऊस, आणि रंग मात्र एक. फरक धावणाऱ्याच्या पायाला कळत असणार. वाळूच्या दगडाचा उघडा पृष्ठभाग कोरडा असताना सहाणेसारखा खरखरीत असतो, त्यावर बूट धरतो. आपला जांभा वरून झिजला की त्याचे वाटाण्याएवढे कठीण गोटे सुटतात आणि ते वाटेवर पसरतात. त्यावर पाय म्हणजे छऱ्यांवर ठेवलेली फळी.

हे मला पहिल्या वीस मिनिटांतच कळले.

आमचा फेरा असा होता. बाजारातून निघून पूर्वेच्या अंगाने अलेक्झांडर पॉइंट आणि रामबाग, तिथून दक्षिणेच्या टोकाला चौक पॉइंट, मग पश्चिमेकडे वळून वन ट्री हिल, लॉर्ड पॉइंट, शार्लट तलाव, एको, लुईझा आणि झाडीतून परत बाजार. फाटे-उपफाटे धरून दहा-बारा किलोमीटर. फेरा असला की एक गंमत असते: गेलेल्या वाटेने परत यायचे नसते, त्यामुळे पुढे काय आहे ते शेवटपर्यंत ठाऊक नसते. सुरुवात गर्द सावलीत. मुंबईपेक्षा हवा चार-पाच अंशांनी थंड, कारण आपण समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास असतो आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते. शिवाय डिसेंबरात घाम वाळतो. आमच्या घाटकोपरात मे महिन्यात घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही. तिथे धावणाऱ्याला जो जीव नकोसा होतो त्याचे कारण उन्हापेक्षा ही दमट हवा आहे.

रामबागच्या पुढे एक उतार आला. मी पायऱ्यांवर वाढलेली मुलगी, उताराला काय घाबरणार! लांब ढांगा टाकत सुटले. तिसऱ्या ढांगेला टाच पुढे रोवली, खालचे गोटे फिरले आणि मी बसले ती दोन हात मागे टेकून घसरत दहा फूट. तळवे सोलले. मैत्रिणी धावत आल्या. त्यांच्याआधी पोहोचले ते समोरून हातरिक्षा घेऊन चढणारे तिघे जण.

माथेरानची हातरिक्षा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पुढे एक माणूस दांडा धरून ओढतो, मागून दोघे ढकलतात, आणि मध्ये प्रवासी बसतो. त्या दिवशी रिक्षा रिकामी होती. पुढचे काका पन्नाशीचे असावेत, पायांत साधी रबरी चप्पल. त्यांनी माझ्या हातावर बाटलीतले पाणी ओतले आणि म्हणाले, "ताई, लाल मातीवर ब्रेक मारायचा नसतो. पावले बारीक टाका. गुडघा वाकता ठेवा, टाच टेकवू नका." एवढे सांगून ते पुन्हा दांड्याला लागले. मी त्यांना जाताना पाहत राहिले. वळणापाशी थोडासा उतार होता, तिथे ते तिघे अगदी लहान, भरभर पावले टाकत, कमरेतून किंचित खाली बसल्यासारखे उतरले. एकही गोटा घरंगळला नाही.

त्यांच्या सांगण्यात जे आहे ते मी नंतर क्रीडाविषयक पुस्तकातही वाचले, पण तिथे ते दोन पाने घेते. ढांग लांब टाकली की पाऊल शरीराच्या बरेच पुढे पडते. मग शरीराचा सगळा भार त्या पावलाला तिरका, पुढच्या दिशेने ढकलतो. खाली घट्ट कातळ असेल तर घर्षण ते पेलते, सुटे गोटे असतील तर ते फिरतात आणि आपण जातो. पाऊल बारीक टाकले की ते जवळजवळ शरीराच्या खाली पडते, भार सरळ खाली जातो आणि गोटे जागच्या जागी दाबले जातात. शिवाय एखादे पाऊल फसलेच तर दुसरे लगेच हजर असते. नजर पायांजवळ न ठेवता चार-पाच पावले पुढे ठेवायची. पायाला जे करायचे ते तो तोवर ठरवून टाकतो. हात थोडे बाहेर, तोल सावरण्यापुरते. चढावर दम लागला तर गुडघ्यांवर हात ठेवून चालावे. त्यात लाज नाही, मोठमोठे धावपटू तेच करतात. आमच्यातला एक जण हे मानायला तयार नव्हता. वन ट्री हिलच्या आधी तो वाटेच्या कडेला उताणा पडला होता आणि माकडे त्याच्या पिशवीकडे आशेने पाहत होती.

उतारावर दम लागत नाही म्हणून उतार सोपा, हा आणखी एक भ्रम. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात. अशा कामाने त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणे त्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. मंगळवारी मला कॉलेजचा जिना कठडा धरून उतरावा लागला. वर चढताना मात्र काही नाही! सवयीने हे दुखणे कमी होते, म्हणून पहिल्या खेपेला थोडेच उतरावे.

काही गोष्टी अनुभवाने सांगते, जाणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून. घोडा दिसला की धावणे थांबवून कडेने चालावे. मागून धपधप आवाज आला तर जनावर बुजते आणि त्याच्या पाठीवर एखादे लहान मूल असते. पॉइंटच्या काठाकडे धावत जाऊ नये. जांभ्याच्या कडा खालून पोखरलेल्या असू शकतात. पावसाळ्यात धावायचे नावच काढू नये, शेवाळलेल्या दगडावर आणि निसरड्या चिखलात कोणतीच युक्ती चालत नाही. शार्लट तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात हातपाय धुऊ नयेत. पाणी तासाला अर्धा लिटर तरी हवे, त्यात लिंबू, साखर, मीठ. परदेशात धावपटू म्हणे नळीतून गोड चिकट पदार्थ चोखतात. माथेरानच्या बाजारात शेंगदाण्याची चिक्की मिळते. गुळाची साखर लगेच रक्तात उतरते, दाण्यांचे बळ सावकाश येते, आणि किंमत आमच्यासारख्यांना परवडते. बुटांविषयी मात्र माझे ऐकू नका. सपाट तळव्याचा कॅनव्हासचा बूट या जमिनीवर अगदी कुचकामी. खाचांचा तळवा हवा. तो घ्यायला माझे पैसे अजून साठायचे आहेत.

लुईझा पॉइंटला पोहोचलो तेव्हा समोर प्रबळगड उन्हात उभा होता. आम्ही कोणीच काही बोललो नाही. पाच मिनिटे बसलो आणि परत निघालो. बाजारात आलो तेव्हा दोन तास दहा मिनिटे झाली होती. चांगल्या धावपटूला हसू येईल अशी ही वेळ आहे, पण पडणे, उठणे, माकडे आणि प्रबळगड त्यातच आले.

त्या काकांच्या बाबतीत एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही पद्धत अमानुष ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करावी आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करावे, असा आदेश दिला. आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर पेव्हर ब्लॉक बसवू नयेत, असेही त्यात आहे. मी वर्गात ही बातमी वाचून दाखवली तेव्हा एका मुलाने विचारले की तुझ्या लाल वाटा राहिल्या, मग तुला आनंद कशाचा, वाटांचा की रिक्षा जाण्याचा? दोन्हींचा, असे मी म्हणाले. पण मला ते तीन जोड पाय आठवत होते. ज्या उतारावर मी हौसेने पडले, तो त्यांनी पोटासाठी माणूस भरलेल्या गाडीसह किती हजार वेळा उतरला असेल. ओढणे गेले ते उत्तमच झाले. त्या पायांना जे कळले होते ते कोणी विचारून ठेवले का, एवढेच मनात येते.

आता बुटांची साक्ष.

मी घरी सांगितले होते की भूगोलाची सहल आहे. धावायला जाते म्हटले असते तर आईने नाही म्हटले नसते, पण बाबांनी म्हटले असते. बाबा दादरच्या भाजी मंडईत हमाली करतात. पहाटे तीनला निघतात. दिवसभर पाठीवर पोती वाहून आलेल्या माणसाला मुलीने उगीच धावून दमावे, हे पटत नाही, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला कधी वाटले नाही. "पळून काय मिळतं?" हा त्यांचा प्रश्न. मला त्याचे उत्तर येत नव्हते, म्हणून मी खोटे बोलले.

रविवारी रात्री मी बूट धुऊन दाराबाहेर पालथे ठेवले. बाबा पहाटे कामावर निघताना त्यांच्या पायाला ते लागले. त्यांनी बत्ती लावली, एक बूट उचलला, बोटाने शिवण खरवडली आणि मला उठवले.

"खरं सांग बाय, कुठं गेलेलीस? हा जांभ्याचा रंग हाय. साबणानं नाय जायचा."

मी सगळे सांगून टाकले. सोललेले तळवेही दाखवले. मला वाटले आता बोलणी बसणार. बाबा उंबऱ्यावर बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळले की मुंबईला येण्याआधी, सतराव्या वर्षापासून सहा वर्षे, ते संगमेश्वराकडे चिरेखाणीवर होते. आमचे गावचे घर चिऱ्याचे आहे हे मला माहीत होते. त्यातले चिरे त्यांनी स्वतः काढलेले आहेत हे माहीत नव्हते. त्यांनी सांगितले की जांभा जमिनीत असतो तोवर मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. बाहेर काढून उन्हापावसात ठेवला की कठीण होत जातो. म्हणून नवा चिरा लगेच भिंतीत घालायचा नसतो. चांगला चिरा कोणता, तर ठोकल्यावर खणखणीत वाजतो तो. मी भूगोलाच्या वहीत 'हवेच्या संपर्काने कठीणपणा वाढतो' असे एक वाक्य लिहिले होते आणि परीक्षेत त्याला अर्धा गुण मिळाला होता.

मग त्यांनी बूट उलटा केला. तळवा पाहिला. मागची बाजू एका दिवसात घासून गुळगुळीत झाली होती.

"टाचेवर उतरलीस," ते म्हणाले. "डोक्यावर चिरा घेऊन असं उतरलं तर माणूस चिऱ्याखाली जातो. चवड्यावर यायचं. बारीक बारीक."

उशीर झाला होता. ते पायऱ्या उतरू लागले आणि मी दारातून पाहिले. एकशे सदतीस पायऱ्या, पाठीवर काही नाही, तरी तशीच लहान, भरभर पावले, गुडघे वाकते. हे मी लहानपणापासून रोज पाहत आले होते.

त्यानंतर मी माथेरानला दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा सांगून. एकदाही पडले नाही. माझी वेळ सतरा मिनिटांनी कमी झाली आहे आणि बुटांचा तळवा आता पुढून झिजतो. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी भागातून येऊन २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेते, ललिता बाबर साताऱ्याच्या मोही गावातून निघून २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावते, हे मी बाबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. "पळून काय मिळतं" हा प्रश्न त्यांनी मागे घेतलेला नाही, पण हल्ली विचारतात तेव्हा उत्तराची वाट पाहतात.

येत्या रविवारी पुन्हा पहिल्या कर्जत लोकलने जायचे ठरले आहे. बाबांनी मंडईत सुटी सांगून ठेवली आहे. ते धावणार नाहीत. वन ट्री हिलच्या सावलीत बसतो म्हणाले, तिथला दगड वाजवून बघायचा आहे.